आडोसा : राजापुरातली काजूची बाग आणि कपड्यांविना राहण्याची सोय

काजूकाठ
नमस्कार. बारा वर्षं इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय नाजूक आहे, पण मदत खरोखर हवी आहे, म्हणून सरळ लिहिते.

मी चौपन्न वर्षांची, नवरा अठ्ठावन्नचा. त्याच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं जर्मनीत होतो. माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन तिथेच झालं. पुढचे सहा महिने मी आरशासमोर उभी राहिले नाही. मग शेजारची मैत्रीण मला एका तळ्यावर घेऊन गेली. तिथे सगळेच कपड्यांविना होते. सत्तरी ओलांडलेल्या बायका, कुणाच्या पोटावर टाके, कुणाच्या गुडघ्यावर लांबच लांब व्रण, आणि एकीची छाती माझ्यासारखीच एका बाजूने सपाट. त्या डबे उघडून खात होत्या, नातवंडांबद्दल बोलत होत्या. मी पाण्यात उतरले आणि बाहेर आल्यावर टॉवेल गुंडाळायचा विसरले. माझं शरीर मला परत मिळालं ते त्या दिवशी. पुढे नवराही यायला लागला.

आता परत आलो आहोत. राजापूर तालुक्यात नवऱ्याच्या आजोळची दोन एकर काजूची बाग आमच्या नावावर झाली आहे. जुनं चिऱ्याचं घर, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे पडवी, खाली पऱ्या म्हणजे ओहोळ, वर सडा म्हणजे कातळाचं पठार. वाडी चालत दहा मिनिटांवर. ऑक्टोबर ते मे तिथे राहायचं आणि आमच्याच आवारात आम्हा दोघांना कपड्यांविना वावरता यावं, एवढीच इच्छा आहे. क्लब नाही, पाहुण्यांचा धंदा नाही.

कुंपणवाल्याने सांगितलं, चारही बाजूंनी तार मारा, बागेच्या कडेने जाणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, तीही बंद करा, म्हणजे कटकट मिटली. आम्ही ते ऐकलं. गेल्या आठवड्यात एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन तारेपाशी आली. क्षणभर थांबली, काही न बोलता वळली आणि सड्यावरून लांबच्या वाटेने गेली. मी पडवीतून बघत होते. त्या दिवसापासून त्या तारेकडे बघवत नाही. पण वाट उघडली तर आडोशाचं काय? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावं.

कातळसडा
ताई, मी लांज्याचा. आधी तार काढा, बाकी सगळं नंतर.

पाखाडी म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. त्या वाटेने गुरं जातात, मयत जातं, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जाते. आत्ता ऑक्टोबर चालू आहे म्हणून कुणी काही बोललं नाही. शिमग्यात पालखी तारेपाशी अडली असती तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आणि वाट अडवली की उलटंच होतं. वाट मोकळी असली की लोक मान खाली घालून जातात. अडवली की आत काय चाललंय ते बघायला मुद्दाम येतील.

कायदेकानू
कातळसडा यांच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे. वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार वापरात असलेल्या वाटेवर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क तयार होतो. शेतात जायची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. सातबारा तुमचा असला तरी वहिवाट तुमची होत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्वतःच्या घरात कपड्यांविना राहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (जुनं २९४) सार्वजनिक ठिकाणच्या, इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याबद्दल आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ११० नीट समजून घ्या. रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून दिसेल अशा रीतीने जाणूनबुजून अंगप्रदर्शन केलं, तर ते घराच्या आतून असलं तरी त्यात बसू शकतं. म्हणजे सगळा प्रश्न नजरेच्या रेषेचा आहे. वाटेवरून दिसता कामा नये. ही जबाबदारी तुमची, वाटसरूची नाही.

उलट बाजूही सांगतो. कुणी चोरून तुमचे फोटो काढले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे आणि बाईच्या बाबतीत न्याय संहितेचं कलम ७७ आहे. शेतजमिनीवर घर वाढवायचं, शेड घालायची असेल तर परवानगी आधी घ्या. आणि पैसे घेऊन माणसं ठेवायला लागलात तर सगळं प्रकरणच बदलतं. ते करणार नाही म्हणालात, तसंच राहू द्या.

इसारकाठ
मी म्युनिकमध्ये राहते. इथे शहराच्या मधोमध, इंग्लिश गार्टनमध्ये दुपारच्या सुट्टीत लोक कपडे काढून गवतावर पडलेले असतात आणि शेजारून सायकली जात असतात. पण हे एका दिवसात झालेलं नाही. कपड्यांविना राहण्याच्या या चळवळीची पहिली मंडळं इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. तेव्हा तीही गावाबाहेर, झाडीत, उंच कुंपणामागेच भरायची. आपल्याकडे आज तसंच करावं लागलं तर त्यात कमीपणा नाही.

इथल्या दोन सवयी मात्र जरूर न्या. कुठेही बसायचं ते स्वतःच्या टॉवेलवर, मग ती स्वतःच्या घरातली खुर्ची असो. आणि अंगणात फोन आणायचा नाही. दारात टोपली ठेवा, आलं-गेलं कुणी असेल तर त्याचाही फोन तिथेच. फ्रान्समध्ये माँतालिव्हेला १९५० पासूनचं मोठं नॅचरिस्ट, म्हणजे कपड्यांविना राहणाऱ्यांचं, गाव आहे, तिथे एक उन्हाळा राहिले होते. जागा समुद्रालगत, पाइनच्या झाडीत, कुंपण फार उंच नाही. माणसांनी पाळलेल्या रीतीनेच तिथे सुरक्षित वाटतं.

काजूकाठ
सगळ्यांचे आभार. तार काल काढली, पाखाडी मोकळी केली. कायदेकानू, कलम ११० बद्दल काहीच माहिती नव्हती. नजरेची रेषा हे शब्द वहीत लिहून ठेवले आहेत. आता ती मोजायची कशी?

रानवाट
ही माझी आवडीची गोष्ट. कणकवलीकडे माझी बाग आहे. कपड्यांचा प्रश्न नव्हता, पण बहिणीला योगासनांसाठी आडोशाची जागा करून द्यायची होती, तेव्हा हे सगळं केलं.

एकाने लाल छत्री उघडून बसायच्या जागेवर उभं राहायचं. दुसऱ्याने हद्दीबाहेरून पूर्ण फेरी मारायची. पाखाडी, पऱ्याचा काठ, सडा, समोरची टेकडी, रस्ता, सगळीकडून. जिथून लाल दिसेल तिथे खुणेचा दगड ठेवायचा. हीच फेरी रात्री पडवीत दिवा लावून परत मारायची, कारण दिवसा अंधारी वाटणारी पडवी रात्री दिव्यात समोरच्या डोंगरावरून लख्ख दिसते.

आणि ही तपासणी पावसाळा संपल्या संपल्या करू नका, फसाल. आत्ता सगळं रान हिरवं आहे. काजू बारमाही हिरवा, पण साग, सावर, किंजळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडे पडतात. शिमग्याच्या दिवसांत फेरी मारा. तेव्हा जे दिसत नाही ते वर्षभर दिसत नाही.

लोक तीन गोष्टी नेहमी विसरतात. एसटीची खिडकी माणसाच्या डोळ्यांपेक्षा बरीच वर असते, पुरुषभर उंचीच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, बसमधल्या माणसाला आत दिसतं. नारळ पाडणारा माडावर चढला की त्याला चार घरांची परसं दिसतात, तेव्हा शेजारचे पाडप कधी असतात ते विचारून ठेवा. आणि विजेचा मीटर. तो घराच्या भिंतीवर असेल तर रीडिंगवाला थेट पडवीत येणार. मीटर बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, हलवायला अर्ज करा.

काजूकाठ
मीटर! आमचा मागच्या पडवीतच आहे. बरं झालं सांगितलंत.

कुंपणाच्या जागी झाडं लावायचं म्हणतोय. गावात सगळे उंदीरमारी लाव म्हणतात, फांदी खोचली की जगते.

रानवाट
जगते, पण उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प, ते ऐन जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळून फुलतं. तुम्हाला आडोसा हवा तेव्हाच काड्या उरतील. खतासाठी लावा, आडोशासाठी नको.

माझ्या मते पाखाडीच्या बाजूला चिऱ्याचा गडगा घाला, सुका, सिमेंट न लावता, कमरेएवढाच. त्याच्या आतून माणगा बांबूची रांग. माणग्याला काटे नसतात, काठी भरीव असते, विकताही येते. तीन-चार पावसाळ्यांत दाट पडदा होतो. बुंध्याशी करवंदी आणि अडुळसा, म्हणजे खालचा भाग उघडा राहत नाही. तोवर माडाच्या झावळ्यांचे झाप विणून लावा. हिरवं शेडनेट लावू नका. वाऱ्यात फाटतं आणि लांबून ओरडून सांगतं की इथे काहीतरी लपवलंय. झाप सगळ्यांच्याच परसात असतात.

आणि ताई, एक विचार करा. तुमचं खळं पाखाडीच्या बाजूला आहे ना? मग ते वाडीचंच राहू द्या. कुणी आलं-गेलं, काजू वाळत घातले, पालखी आली, ते सगळं पुढे. तुमचा वावर मागच्या पडवीत आणि त्यापुढच्या उतारावर न्या. घर स्वतःच सर्वांत मोठा आडोसा आहे. तेवढी घराची पाठ फिरवा, की निम्मं कुंपण लागणारच नाही.

निळीसावली
काजूकाठ, तुमची तळ्याची गोष्ट वाचून डोळे भरले. माझंही ऑपरेशन झालं आहे, तीन वर्षं झाली.

एक विचारू? आजूबाजूला कुणी नाही हे माहीत असूनही बाहेर उभं राहता येतं का? मी एकदा सासरच्या शेतघरात, पहाटे, एकटी असताना प्रयत्न केला. चिटपाखरू नव्हतं. तरी पाठीवर कुणाची तरी नजर आहे असं वाटत राहिलं आणि दोन मिनिटांत आत पळाले. गडगा आणि बांबू त्याला पुरतील का?

काजूकाठ
निळीसावली, नाही पुरत. मला इथे आल्यावर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. जर्मनीतल्या तळ्यावर शंभर अनोळखी माणसांत जे जमत होतं ते स्वतःच्या बागेत जमेना. तीच नजर पाठीवर. ती कुणा एकाची नसते. आपण दहा-अकरा वर्षांच्या झाल्यापासून ओढणी सारखी करायला शिकवणाऱ्या सगळ्यांची असते.

मी काय केलं ते सांगते. पूर्वी घराबाहेर न्हाणी असायची ना, तशी मागच्या उतारावर बांधून घेतली. खांद्याच्या वर जाणाऱ्या चिऱ्याच्या भिंती, वर छप्पर नाही, दाराच्या जागी वळण, म्हणजे दार नसूनही आतलं दिसत नाही. शेजारी चूल आणि तांब्याचा हंडा. पहिला महिनाभर मी फक्त तिथे होते. आंघोळ झाली की तशीच चिऱ्यावर बसायचे, वर आभाळ, आंब्याची एक फांदी. मग वळणापर्यंत. मग पडवीपर्यंत पाच पावलं. आता पऱ्याच्या वरच्या काजूपर्यंत जाते. त्यापलीकडे मीच जात नाही, तिथून समोरची टेकडी दिसते.

नवऱ्याला हे काहीच लागलं नाही. तो पहिल्या दिवशीच मोकळा झाला. त्याने घाई मात्र केली नाही, रोज न्हाणीचं पाणी तापवून द्यायचा आणि पुढे खळ्यावर जाऊन बसायचा.

वाडीवरची
मी राजापूरचीच, आता डोंबिवलीला. सगळं वाचलं आणि आधी राग आला, तो लिहिते.

माझी आई पऱ्यावर परकर छातीशी बांधून आंघोळ करायची. हौस नव्हती, घरात न्हाणी नव्हती. वाटेवरून पुरुष जायचा तेव्हा ती पाण्यात मानेपर्यंत बसायची, थंडीतसुद्धा. तिला मिळाला नाही तो आडोसा तुम्ही चिरे लावून विकत घेताय आणि कपडे काढायला वापरताय, हे मनाला लागलं. तुमच्या आजाराचं वाचून राग निवळला, पण एक बोलायचं आहे. तुमच्या खालच्या पऱ्यावर वाडीच्या बायका येत असतील. त्यांचा विचार करा.

काजूकाठ
वाडीवरची, तुमचा राग बरोबर आहे. तुमच्या आईचं वाचून कितीतरी वेळ काही लिहिता आलं नाही. बायकांशी बोलते आणि कळवते.

जुनीपेटी
थोडं इतिहासाचं, कारण ते या भागाशी जोडलेलं आहे. जगातला ज्ञात असलेला पहिला नॅचरिस्ट क्लब युरोपात नव्हे, आपल्या मुंबई इलाख्यात निघाला. १८९१ साली. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड या जिल्हा न्यायाधीशाने काढला, सभासद तीन. त्याची बदली झाली आणि मंडळ मोडलं. बदली कुठे, तर रत्नागिरीला. १८९४ मध्ये तो वारला.

आणि रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ ला मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र छापलं आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे मराठीत उघडपणे मांडलं. अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला हरले, मासिक बंद केलं नाही. ज्यांना हा विषय परदेशातून आणलेला वाटतो त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दोडामार्गी
माझा मुद्दा अंगाला काय चावतं त्याचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. वेल वाऱ्याच्या दिशेला असेल तर कूस उडून अंगभर लागते, कपडे असताना जीव जातो, नसताना विचारू नका. पावसाळ्यातच मुळापासून काढा. बिब्ब्याचं झाड आवारात असेल तर त्याच्या रसाने कातडी भाजते. काजूच्या टरफलातल्या तेलाचंही तेच, म्हणून बोंडं काढताना, बिया सोडवताना पूर्ण कपडे. झाडावरचे ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, तर सांगायलाच नकोत.

कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. वीतभर, मातीच्या रंगाचं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. बाकी काही नसलं तरी पायात बूट आणि संध्याकाळनंतर हातात विजेरी हवीच. गडगा सुका घालणार असाल तर घराला चिकटून नको, फटींत साप आणि विंचू राहतात. चावल्यास दोरी बांधत, मांत्रिक शोधत वेळ घालवू नका, थेट सरकारी रुग्णालय. आपल्याकडच्या प्रतिविषात फुरशाचाही समावेश असतो. विंचवाचं म्हणाल तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनापासून त्यावरही नीट उपचार आहेत.

आमच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण निघाले, तो गोचिडीमुळे पसरतो. तुम्ही उत्तरेला आहात, तरी रानातून आल्यावर अंग तपासा. कपडे नसले की गोचीड चटकन दिसते, हा तेवढा फायदा.

इसारकाठ
उन्हाचंही बघा. जर्मनीतल्या उन्हाच्या सवयीवर कोकणात जाऊ नका. जे अवयव कधी ऊन बघत नाहीत ते अर्ध्या तासात भाजतात, व्रणाची कातडी तर त्याहून लवकर. सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पाचनंतर, मधल्या वेळेत मांडवाखाली. आणि फोडणी देताना, चुलीपुढे बसताना सुती अंगरखा घालायचाच.

काजूकाठ
मार्च संपत आला. शिमगा झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

रानवाट यांच्या सांगण्यावरून छत्रीची फेरी परत मारली. ऑक्टोबरात चार दगड ठेवले होते, आता नऊ झाले. पाच जागा फक्त पानांमुळे झाकल्या होत्या. तिथे झाप लावले आहेत, जूनमध्ये माणगा लावू. मीटर बेड्यापाशी आला. बेड्याला पितळी घंटा बांधली. मागच्या पडवीत, न्हाणीपाशी आणि काजूच्या बुंध्याला अशा तीन खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीवर एक पंचा आणि एक अंगरखा. घंटा वाजली की आहोत तिथे हात पोचतो. काजूच्या हंगामात गडी येतात तेव्हा दिवसभर कपडे, न्हाणी तेवढी आमची.

सगळ्यांत अवघड होतं ते वाडीत सांगणं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. मी मोळीवाल्या काकींच्या ओट्यावर बिया सोडवायला बसले होते, तिथेच म्हटलं, काकी, आम्ही दोघं घरामागे असताना अंगावर कपडे नसतात, जर्मनीत असताना सवय झाली, ऑपरेशननंतर मला बरं वाटतं त्याने. म्हणून घंटा वाजवून या. त्या हातातली बी सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे न्हाणीत असल्यागतच ना? मग हाक मारीन नि थांबेन. न्हाणीत कोण डोकावतंय?” आणि तार का मारली होती ते विचारलं. मी माफी मागितली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकला.

सगळेच असे नाहीत. दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं ते त्यांनी वाटून घ्यावं, मी समजावायला जाणार नाही. पण त्यांच्या वाटेवरून आम्ही दिसणार नाही, एवढं मी बघेन.

पालखी आली. पाखाडीने वर चढली, आमच्या खळ्यात नाचली. मी नऊवारी नेसले होते. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात आमच्या घराचं नाव घेतलं. पहिल्यांदाच.

वाडीवरची
वाचून बरं वाटलं. पऱ्यावरच्या बायकांचं काय झालं?

काजूकाठ
विचारलं. पऱ्यावर झापांची न्हाणी करून देऊ का, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, न्हाण्या आता घरोघर झाल्यात, आम्ही पऱ्यावर येतो ते धुणं घेऊन, गप्पा मारायला. तुला द्यायचंच असेल तर पाखाडीच्या वळणावर, तुझ्या गडग्याला लागून, मोळी टेकायला उंच चिरा बसव. पूर्वी होता, रस्ता झाला तेव्हा कुणीतरी उचलून नेला.

परवा बसवला. काकींच्या खांद्याच्या मापाने.

रानवाट
तो चिरा छत्रीच्या फेरीत नव्हता ना? मोळी टेकून माणूस तिथे पाच मिनिटं उभा राहणार. त्या वळणावरून मागची पडवी दिसते का, ते एकदा बघून घ्या.

काजूकाठ
बघितलं. न्हाणीच्या भिंतीचा कोपरा दिसतो, पडवी नाही. तरी तिथे दोन झाप जास्त लावतेय. माणग्याची रोपं तुमच्याकडून मिळतील का? तीसेक लागतील.

रानवाट
मिळतील. पहिला पाऊस पडून जमीन भिजू द्या, मग न्यायला या. खड्डे मेमध्येच मारून ठेवा.